शेततळ्यातल्या माशांना औषध दिलंय, आता विकू की थांबू?

तळ्याकाठी (माढा) · १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं चौघा शेतकऱ्यांचं सामूहिक शेततळं आहे, ४४ बाय ४४ मीटर, प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं. पाणी मुळात डाळिंबासाठी. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस मिळून २,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. आता अंदाजे १,५०० मासे असतील, सरासरी ६०० ग्रॅमचे. खाद्य म्हणजे शेंगपेंड आणि तांदळाचा कोंडा, शिवाय महिन्यातून एकदा कोंबडखत.

आठवड्यापूर्वी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. रोज दहा-पंधरा मरायचे. परांच्या बुडाशी लाल चट्टे, आणि अंगाला चपट्या, बारीक उवा चिकटलेल्या. घाबरून तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पोल्ट्रीच्या औषधाची २ किलो पावडर सुटी बांधून दिली. पिशवीवर नाव नाही, काही नाही. एक किलो बादलीत कालवून तळ्यात फेकली. दुसरी एक किलो तीन दिवस पेंडीत मळून दिली. शेवटचा डोस १५ तारखेला. मरतूक थांबली.

व्यापारी २४ तारखेला जाळं टाकायला येणार आहे. काल मुलगी शेळीच्या औषधाची बाटली वाचत होती. ‘औषध दिल्यावर इतके दिवस दूध वापरू नये’ असं त्यावर लिहिलेलं. तिने विचारलं, "पप्पा, मग माशांना किती दिवस?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

पाझरतलाव · १८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

दादा, नऊ दिवस पुष्कळ झाले. मी बारा वर्षं गावतलाव ठेक्याने घेतोय. पाणी वाहतं, औषध निघून जातं. आणि गावच्या बाजारात कोण तपासतंय? व्यापारी मोडू नका. एकदा गेला की परत येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

मत्स्यविद्या (रत्नागिरी) · १८ नोव्हेंबर, रात्री ११.०२

पाझरतलाव भाऊ, व्यापारी हातचा जाण्याची भीती मला कळते. पण नऊ दिवस पुरतील की नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण पिशवीत काय होतं तेच आपल्याला ठाऊक नाही. आणि अस्तर टाकलेल्या शेततळ्यात पाणी वाहत नसतं.

तळ्याकाठी दादा, उद्या एवढं करा. दुकानात जाऊन ज्या डब्यातून पावडर काढली त्या डब्याच्या लेबलाचा फोटो आणा. घटकाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर, मुदत, सगळं दिसलं पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर चिडू नका, पण फोटो घेतल्याशिवाय उठू नका. आणि एक साधा थर्मामीटर विकत घ्या. उद्यापासून पाण्याचं तापमान सकाळी ७ आणि दुपारी ३ ला, कोपरभर खोलीवर. थर्मामीटर कशाला ते उद्या सांगतो.

नावाचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. काही औषधांना ‘थांबा आणि विका’ हा पर्यायच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं (फ्युराझोलिडोन, नायट्रोफ्युराझोन वगैरे) खाण्याच्या माशाला द्यायचीच नाहीत, मग किती का दिवस थांबा. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच थांबू शकतं, आणि ते किती मात्रेला होईल याची सुरक्षित रेषा आखता येत नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने ही दोन्ही औषधं अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या कुठल्याही प्राण्याकरता बनवायला, आणायला आणि विकायला बंदी घातली. त्याआधी, जुलै २०१९ मध्ये, कोलिस्टिन हे प्रतिजैविक असंच बंद झालं होतं. पण जुना साठा सुट्या पिशवीतून जात नसेल अशी खात्री कोण देणार?

घोलाचीआमटी (पुणे) · १९ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मी नुसती मासे विकत घेणारी आणि खाणारी. दादा, एक विचारते, रागावू नका. पेंडीत औषध कशात मळलंत?

तळ्याकाठी · १९ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

ताई, घरच्या परातीत. मोठं भांडं दुसरं नव्हतं. हातानेच मळलं. मंडळींनी नंतर राखेने घासून घेतली.

घोलाचीआमटी · १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०१

ती परात आता तळ्यावरच ठेवा दादा. तिच्यात पुन्हा भाकरीचं पीठ मळू देऊ नका. वहिनींना माझं नाव सांगा.

डॉ_गोठा (पशुवैद्यक, सांगली जिल्हा) · १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

ताईंनी अगदी मुळावर बोट ठेवलं. पावडर नाकातोंडात जाते, हाताला लागते. वर्षानुवर्षं हाताळणाऱ्याला खाज, दम, ॲलर्जी होते. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. मळायला वेगळं प्लास्टिकचं टोपलं आणि लाकडी उलथणं. उरलेलं औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, उन्हापासून दूर. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवायचं नाही.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. ते कायद्यातच लिहिलेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत कुणी पोहोचवलं नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधल्या नियम ९७ मध्ये जानेवारी २०१२ ला दुरुस्ती झाली. खाण्यासाठी पाळलेल्या जनावराच्या औषधावर ‘शेवटच्या डोसानंतर किती काळ थांबायचं’ हे छापणं बंधनकारक झालं. त्या प्राण्यासाठी असा काळ ठरवलेला नसेल, तर किमान एवढं थांबायचं: दूध आणि अंड्यांसाठी ७ दिवस, कोंबडी आणि चतुष्पाद जनावरांच्या मांसासाठी २८ दिवस, आणि माशासाठी ५०० डिग्री-दिवस.

मी स्वतः गाई-म्हशीच तपासतो. माशाचं पोस्टमॉर्टेम कॉलेजात केलं तेवढंच. माझ्याकडे माशाची तक्रार घेऊन कुणी आलं तर मी रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या माणसाला फोन लावतो. यात मला कमीपणा वाटत नाही. प्रतिजैविक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे. चिठ्ठी लिहिणारा माशाचा जाणकार नाही आणि माशाच्या जाणकाराच्या हाती चिठ्ठी नाही, ही खरी अडचण आहे. ती सुटेपर्यंत दोघांनी मिळून काम करायचं.

तळ्याकाठी · १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

सर, डब्याचा फोटो मिळाला. दुकानदार आधी कुरकुरला, मग दाखवला. ‘ऑक्सिटेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड ५ टक्के, कोंबड्यांसाठी’ असं आहे. माशाचा उल्लेख कुठेच नाही. मुदत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत. थर्मामीटर आणलाय. हे डिग्री-दिवस म्हणजे नेमकं काय?

मत्स्यविद्या · १९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

बंदी असलेलं औषध निघालं नाही, बरं झालं. आता हिशोब मांडू.

मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं गार, तितकं त्याचं शरीर संथ चालतं, आणि औषध बाहेर टाकायला तितका जास्त वेळ लागतो. म्हणून नुसते दिवस मोजून भागत नाही, उष्णताही मोजावी लागते. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज ५०० झाली की मुदत संपली. मे महिन्यात पाणी ३० अंश असेल तर १७ दिवस. आत्ता तुमच्याकडे २३ च्या आसपास असणार, म्हणजे २२ दिवस. कडाक्याच्या थंडीत २० अंशांवर गेलं तर २५. आपल्याकडे हिवाळ्यातच मरतूक जास्त होते आणि औषधही तेव्हाच जास्त पडतं, हे लक्षात ठेवा.

१६ ते १९ नोव्हेंबरचं तापमान तुम्ही मोजलेलं नाही. ते चार दिवस हिशोबात धरू नका. उद्यापासून मोजा. नुकसान चार दिवसांचं, पण वहीतला प्रत्येक आकडा खरा राहील.

दुसरा हिशोब औषधाच्या मात्रेचा. हा जरा नीट बघा, कारण चूक तुमची एकट्याची नाही, सगळीकडे हेच चालतं. १,५०० मासे गुणिले ६०० ग्रॅम म्हणजे ९०० किलो मासा. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यातून देतात तेव्हा किलोमागे रोज साधारण ७५ मिलिग्रॅम, सलग दहा दिवस. म्हणजे रोज साडेसदुसष्ट ग्रॅम शुद्ध औषध. तुमची पावडर ५ टक्के, म्हणजे रोज १ किलो ३५० ग्रॅम पावडर, दहा दिवसांची साडेतेरा किलो. तुम्ही तीन दिवसांत खाद्यातून दिली एक किलो. दिवसाच्या मात्रेचा चौथा हिस्सा, आणि तोही तीनच दिवस.

बादलीतून फेकलेली किलोभर पावडर म्हणजे ५० ग्रॅम औषध. तुमच्या तळ्यात ३०-३५ लाख लिटर पाणी असेल. त्याने एकही जंतू मरत नाही. उलट कठीण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला हे औषध चिकटतं आणि गाळात जाऊन बसतं. तिथले जंतू रोज थोडं थोडं औषध चाखत राहतात. त्या औषधाला न जुमानणारे जंतू घडवायचे असतील तर यापेक्षा सोपा मार्ग नाही.

म्हणून अवशेषांची काळजी करायची ती पेंडीतल्या औषधाची. आजारी मासा खात नाही, कडेला पडून असतो. पेंड खातात ते धट्टेकट्टे, पुढे घुसणारे. औषध गेलंय त्यांच्याच पोटात, आणि व्यापारी आधी उचलणार तेही तेच.

पाझरतलाव · १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सर, तुमचं गणित पटलं. पण मग मरतूक थांबली कशी? औषध लागू पडलं म्हणूनच ना?

मत्स्यविद्या · १९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

चांगला प्रश्न विचारलात. तळ्याकाठी दादा, त्या आठवड्यात आभाळ होतं का? आणि कोंबडखत कधी टाकलं होतं?

तळ्याकाठी · २० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

चार दिवस ढगाळ होतं. कोंबडखत त्याच्या आदल्या दिवशी टाकलेलं, सहा पाट्या. १३ तारखेला ऊन पडलं. आणि हो, १३ लाच डाळिंबाला पाणी सोडलं आणि विहिरीचं नवीन पाणी तळ्यात घेतलं.

(आजचं तापमान सकाळी २१.५. दुपारचं नंतर टाकतो.)

मत्स्यविद्या · २० नोव्हेंबर, सकाळी ९.१५

मग उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे. ढगाळ हवेत शेवाळ प्राणवायू बनवत नाही, रात्री उलट खातं. त्यात सहा पाट्या कोंबडखत कुजायला लागलं. मासा अशक्त झाला, उवांनी केलेल्या जखमांतून जंतू शिरले, लाल चट्टे आले. ऊन पडलं, नवीन पाणी आलं आणि मासे सावरले. पुढच्या वेळी असं दिसलं तर पहिल्या तासात खाद्य आणि खत बंद, पंप लावून पाण्याचा फवारा उंचावरून तळ्यात पाडायचा, जमेल तेवढं पाणी बदलायचं. दुकान नंतर.

उवांसाठी, म्हणजे अर्ग्युलससाठी, एक बिनखर्चाचा उपाय. ही ऊ अंडी घालायला कडक पृष्ठभाग शोधते. तळ्यात जागोजागी बांबू आणि फळ्या उभ्या रोवा. आठवड्यातून एकदा काढून कडक उन्हात वाळवा, खरवडा, पुन्हा रोवा. चिकाटीने दीड-दोन महिने करावं लागतं. बाजारात यासाठी शेतीची कीटकनाशकं आणि जनावरांच्या गोचिडांची औषधं सर्रास विकतात. ती पाण्यातले सगळे सूक्ष्म जीव मारतात आणि मग माशाला खायलाच उरत नाही. जवळ झिंगा असेल तर तो पहिला जातो.

आणि कोंबडखताबद्दल एक विनंती. ज्या पोल्ट्रीतून आणता तिथे कोंबड्यांना काय देतात ते विचारा. तुम्ही एक दाणा औषध दिलं नाही तरी खतातून ते तळ्यात येऊ शकतं.

खारवट (रायगड, कोळंबी प्रकल्प) · २० नोव्हेंबर, रात्री ११.४०

हा धागा वाचून झोप येईना, म्हणून लिहितो. आम्ही खाडीकाठी व्हेनामी जातीची कोळंबी करतो. दोन हंगामांपूर्वी काढणीआधी नमुना तपासायला दिला. निर्यातीच्या मालाची अशी तपासणी होते. एका तळ्याचा नमुना नायट्रोफ्युरानसाठी नापास झाला. मी आयुष्यात नायट्रोफ्युरान हातात धरलेलं नाही. माझ्या माणसांनीही नाही.

महिनाभर एकेक पिशवी, एकेक बिल तपासत बसलो. शेवटी संशय आला तो ‘आतड्याचं आरोग्य वाढवणारं’ म्हणून एका एजंटाने गळ्यात मारलेल्या पावडरीवर. लेबलवर फक्त जिवाणूंची नावं, तटीय मत्स्यपालन प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक नाही. सिद्ध काही करता आलं नाही, म्हणून नाव घेणार नाही. पण त्या दिवसापासून नोंदणी क्रमांक नसलेली एकही पिशवी माझ्या बांधावर चढत नाही. प्रत्येक बॅचमधलं मूठभर मी सीलबंद डबीत तारीख घालून ठेवतो. उद्या काही निघालं तर दाखवायला हातात पुरावा हवा.

मालात किती अवशेष चालतात याची युरोपची रेषा किती बारीक आहे ते सांगतो. नोव्हेंबर २०२२ पासून नायट्रोफ्युरानसाठी ती किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. माझ्या एक टन कोळंबीत मिळून अर्धा मिलिग्रॅम. चिमटीतही धरता येणार नाही एवढं. २०१६ साली युरोपने आपल्या कोळंबीची तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. म्हणजे दर दोन खेपांतली एक अडकणार, बंदरात पडून राहणार, आणि तो खर्च दर ठरवताना शेतकऱ्याच्या माथी येणार. कुणा एकाच्या तळ्यातली चूक सगळ्या किनाऱ्याने भरली.

आणखी एक, कळकळीने. पांढरे ठिपके दिसले की आमच्याकडेही लोक प्रतिजैविक शोधत धावतात. तो विषाणूचा रोग आहे, १९९४ पासून आपल्या देशात आहे, आणि त्याला औषध नाही. ईएचपी या सूक्ष्म परजीवीच्या रोगालाही नाही. तिथे एकच मार्ग, तपासलेलं बीज, तळ्याभोवती खेकड्यांसाठी कुंपण, पक्ष्यांसाठी दोऱ्या, आणि एका तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात न घालणं.

पाझरतलाव · २१ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

खारवट दादा, वाचून वाईट वाटलं. पण तुमचा माल परदेशी जातो. आमचा रोहू टेंभुर्णीच्या बाजारात. आणि शिजवल्यावर औषध उरतं कुठे?

डॉ_गोठा · २१ नोव्हेंबर, दुपारी २.००

उरतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन शिजवताना कमी होतं, पण पूर्ण संपेल याची खात्री नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे अवशेष तर कढईला दाद देत नाहीत.

आणि मर्यादा फक्त परदेशासाठी नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत माशासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. टेंभुर्णीलाही तीच आणि मुंबईलाही तीच. तपासायला कुणी येत नाही हे खरं आहे. पण तो मासा आपल्याच गावची गरोदर बाई खाते, आपल्याच शाळेतली पोरं खातात.

माझ्या रोजच्या कामातलं सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी व्यायलेल्या गाईच्या गर्भाशयदाहाला जे औषध तीन दिवसांत लागू पडायचं, त्याला आता सात दिवस देऊनही फरक नाही. प्रत्येक वेळी वरच्या पायरीचं औषध काढावं लागतं. त्या शिडीला फार पायऱ्या नाहीत. माणसांचे डॉक्टरही हेच सांगतात, आणि शिडी दोघांचीही एकच आहे.

घोलाचीआमटी · २१ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मला एक शंका. २०१८ साली गोव्यात फॉर्मेलिनवरून केवढा गोंधळ झाला होता, आम्ही महिनाभर मासे आणले नव्हते. माशांच्या तळ्यातही फॉर्मेलिन टाकतात असं ऐकलं. ते तेच का?

मत्स्यविद्या · २१ नोव्हेंबर, रात्री १०.३०

ताई, रसायन तेच, वापर वेगळा. मेलेला मासा टिकवायला त्यावर फॉर्मेलिन मारणं हा गुन्हाच आहे. जिवंत माशाच्या अंगावरचे परजीवी मारायला अगदी पातळ करून देतात ते पाण्यात विरून जातं, माशात साठत नाही. तिथला धोका वेगळा. ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि शेवाळही मारतं, त्यामुळे जाणकार शेजारी उभा असल्याशिवाय करायचं नाही. आणि बोंबलात मुळातच नैसर्गिक फॉर्माल्डिहाइड असतं, म्हणून नुसती तपासणीची पट्टी रंगली की भेसळ झाली असं लगेच म्हणू नका.

खरी भीती मॅलाकाइट ग्रीनची, त्या हिरव्या रंगाची. शोभेच्या माशांच्या दुकानात सहज मिळतं, अंड्यांवरच्या बुरशीला चटकन लागू पडतं, आणि माशाच्या चरबीत रूप बदलून महिनोन्‌महिने राहतं. खाण्याच्या माशाला, बोटुकलीलासुद्धा, नकोच. बीज घेताना हॅचरीवाल्याला (मत्स्यबीज केंद्रवाल्याला) हे थेट विचारावं.

फ्योर्डकाठ (बर्गन, नॉर्वे) · २२ नोव्हेंबर, पहाटे २.१५

मूळची देवगडची. इथे सामन (सॅल्मन) माशांच्या खाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. वाचता वाचता राहवलं नाही.

१९८७ साली या देशाने सामनमध्ये जवळपास ५० टन प्रतिजैविकं ओतली होती. तेव्हा उत्पादन होतं ५० हजार टनांच्या आसपास. म्हणजे टनामागे किलोभर. आज उत्पादन १५ लाख टनांच्या घरात आणि प्रतिजैविकं वर्षाला एक टनाच्या आत. उपदेश करून हे झालं नाही. लस आली, आणि प्रत्येक पिल्लाच्या पोटात सुई टोचायची सवय लागली. शिवाय प्रत्येक पिढीचे मासे वेगळ्या जागी ठेवणं, मध्ये पिंजरे रिकामे ठेवणं, आणि प्रत्येक चिठ्ठी सरकारदरबारी नोंदवणं.

सगळं छान आहे असंही नाही. सामनच्या उवांनी इथली औषधं पचवली आहेत, तुमच्या अर्ग्युलससारखंच दुखणं. तेव्हा बांबू रोवायचा सल्ला वाचून मला फार बरं वाटलं. इथेही शेवटी औषध सोडून गार-गरम पाणी आणि उवा खाणारे छोटे मासे यांच्याकडेच वळावं लागलं.

तळ्याकाठी · २४ नोव्हेंबर, रात्री ८.००

व्यापारी आला होता. खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, सगळेच देतात, तुम्हीच एकटे कसे निघालात. गाडी घेऊन गेला. चौघांपैकी दोघे भागीदार माझ्यावर नाराज आहेत. त्यांना डॉक्टर साहेबांनी लिहिलेला नियम वाचून दाखवला, तेव्हा एक जण गप्प झाला.

वही चालू आहे. २० ला २३.५, २१ ला २३, २२ ला २३, २३ ला २२.५, आज २३. बेरीज ११५. मुलगी रोज सकाळचं मोजते, दुपारचं मी. बांबू रोवलेत, चौदा.

पाझरतलाव · २४ नोव्हेंबर, रात्री ८.४०

दादा, मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते मागे घेतो. तुमचे मासे निघतील तेव्हा मला फोन करा. मोडनिंबला माझ्या ओळखीचे दोन विक्रेते आहेत, आठवडी बाजारात थेट बसतात. दर व्यापाऱ्यापेक्षा कमी मिळणार नाही याची जबाबदारी माझी.

तळ्याकाठी · १४ डिसेंबर, रात्री ९.२५

मंडळी, मासे काढले. ११ तारखेला बेरीज ४९१, १२ ला ५१२. तरी एक दिवस जास्त थांबलो. आज पहाटे ४ ला जाळं टाकलं. पाझरतलाव दादा स्वतः आले होते, त्यांचीच माणसं. ८६० किलो भरले. उवा अजून आहेत, पण मोजक्या. एका कटल्याच्या अंगावर दोन सापडल्या, महिन्यापूर्वी वीस-पंचवीस असायच्या.

दोन रोहू बर्फात घालून पुण्याच्या खाजगी प्रयोगशाळेत पाठवलेत. निकाल आला की इथे टाकतो, कसाही आला तरी.

एक राहिलं. तळं आता रिकामं करून गाळ काढायचाय. त्या गाळात औषध असेल ना? डाळिंबाच्या बुडाशी घातला तर चालेल का? एरवी आम्ही तोच घालतो.

मत्स्यविद्या · १४ डिसेंबर, रात्री १०.५०

अभिनंदन दादा. गाळ लगेच झाडांना घालू नका आणि ओढ्यात तर अजिबात सोडू नका, खाली गुरं पाणी पितात. तळ्याच्या कडेला उघड्यावर पातळ थर पसरा, चांगलं ऊन लागू द्या. हे औषध उजेडात तुटतं, अंधारात गाळाखाली राहिलं तर फार काळ टिकतं. आठवड्यातून एकदा फावड्याने उलथा. पूर्ण वाळून भुगा झाला की शेणखतात मिसळून कुजवा आणि पुढच्या बहराच्या वेळी वापरा. अस्तर चुन्याच्या निवळीने धुऊन आठ दिवस कोरडं ठेवा. बोटुकली कुठून घेणार ते ठरलं की बोला, हॅचरीला काय विचारायचं ते लिहून देतो.

तळ्याकाठी · १५ डिसेंबर, सकाळी ७.०५

बरं सर. आजच पसरायला घेतो. अजून दोन पावडरच्या रिकाम्या पिशव्या तळ्यावर सापडल्या, त्या डॉक्टर साहेबांकडे कशा पोहोचवू?

डॉ_गोठा · १५ डिसेंबर, दुपारी १२.४०

माझ्यापर्यंत नको, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो. तोवर त्या जाळू नका, धुवू नका. एका डब्यात झाकण लावून, त्या परातीशेजारी.